भूक मंदावली तर आधी वजन पाहा

संपादक महोदय,

‘वय झाले, खाणे कमी होणारच’ असे म्हणून ज्येष्ठांच्या मंदावलेल्या भुकेकडे काणाडोळा होतो. उतारवयात कोलेसिस्टोकायनिन या तृप्तीच्या संप्रेरकाचा जोर वाढतो, जठर सावकाश रिकामे होते. चार घासांत पोट भरते. सहा ते बारा महिन्यांत वजन आपोआप ५ टक्के उतरले, तर डॉक्टरांना दाखवावेच.

आतड्यातले जिवाणू तंतुमय पदार्थांपासून ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तराला पोसणारे आम्ल बनवतात हे खरे. पण तंतू एकदम वाढवले, त्यात पाणी कमी पडले, की पोट फुगते आणि उरलीसुरली भूकही जाते. मूत्रपिंडे धड असतील तर ताटात प्रथिने आधी: रोज वजनाच्या किलोमागे १ ते १.२ ग्रॅम.

विसराळूपणावर प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपयुक्त जिवाणूंच्या (महागड्या!) कॅप्सूल आणण्याआधी रक्तातले बी-१२ जीवनसत्त्व तपासावे; त्याच्या कमतरतेनेही विसर पडतो. मधुमेहावरील मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू असतील, तर ते घटलेले असू शकते.

– एक आहारतज्ज्ञ