नाडी मोजून झाल्यावर

चि. मृण्मयी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सर्जिकल वॉर्डमधील पोस्टिंगबद्दल तू लिहिलेला मोठा निरोप वाचला. अडल्ट हेल्थ नर्सिंगच्या पेपरात तुला चांगले गुण मिळतात, शॉकचे, म्हणजे शरीराला पुरेसे रक्त न पोहोचण्याच्या अवस्थेचे, प्रकार आणि त्यांची लक्षणे तू न अडखळता सांगतेस, आणि तरीही रुग्णाच्या खाटेपाशी उभी राहिलीस की यातले नेमके काय वापरायचे ते सुचत नाही, असे तू लिहिले आहेस. फोनवर मी तुला धीर दिला असता आणि विषय तिथेच संपला असता. तुझी अडचण नुसत्या धीराने सुटणारी नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्हा विद्यार्थिनींना वॉर्डात सर्वांत जास्त वेळा कोणते काम सांगितले जाते? टीपीआर आणि बीपी. ट्रे घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे, तापमान, नाडी, श्वास आणि रक्तदाब तक्त्यावर लिहायचे आणि तक्ता स्टाफ सिस्टरच्या टेबलावर ठेवायचा. माझ्या मते शिकलेले ज्ञान वाया जाते ते नेमके इथे, कारण आकडा लिहिला की काम पूर्ण झाले, असे हाताला वळण लागते. एक उदाहरण घे. पन्नास किलो वजनाच्या एका बाईंची दुपारी गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली आहे. संध्याकाळी नाडी ८४ आणि रक्तदाब ११८/७६ आहे; दोन तासांनी नाडी ९८ आणि रक्तदाब ११४/८२; आणखी दोन तासांनी नाडी ११२ आणि रक्तदाब ११२/८८. प्रत्येक रक्तदाब वेगवेगळा पाहिलास तर त्यात घाबरण्यासारखे काहीच नाही, आणि तीन विद्यार्थिनींनी तीन वेळा तो लिहिला असेल तर तिघींनाही काही खटकणार नाही. परंतु तिन्ही ओळी एकाखाली एक ठेवून वाच. नाडी सतत वाढते आहे आणि वरच्या व खालच्या दाबातील अंतर ४२ वरून ३२ वर आणि तिथून २४ वर आले आहे. रक्त कमी होऊ लागले की शरीर आधी हृदयाची गती वाढवते आणि रक्तवाहिन्या आवळून घेते. त्यामुळे खालचा दाब चढतो आणि वरचा बराच काळ टिकून राहतो. अंगातील सुमारे तीस टक्के रक्त जाईपर्यंत वरचा दाब फारसा उतरत नाही, हे तू पुस्तकात वाचलेले आहेस. म्हणजे रक्तदाब कोसळण्याची वाट पाहणारी परिचारिका फार उशीर करते.

हे लक्षात आल्यावर काय करायचे, तेही तुला ठाऊक असलेल्या गोष्टींतूनच निघते. लघवीच्या पिशवीत गेल्या तासाभरात किती लघवी जमली ते पाहा. दर किलोमागे तासाला अर्धा मिलिलीटर या हिशेबाने या बाईंना निदान पंचवीस मिलिलीटर तरी व्हायला हवी. ड्रेसिंग वरून कोरडे दिसले तरी कमरेखाली हात घालून पाहा, कारण रक्त उताराकडे वाहते आणि चादरीत मुरते. हातपाय गार आहेत का, पोट ताठ झाले आहे का, बाई उगाचच कूस बदलत आहेत का, हेही पाहा. नाडी वेदनेमुळे, तापामुळे, तुंबलेल्या लघवीमुळे किंवा भीतीमुळेही वाढते, म्हणून ही कारणे एकेक करून तपासायला हवीत. आणि केस पेपरवरची औषधे वाचल्याशिवाय यातले काहीच पक्के धरू नकोस. एखादे आजोबा रक्तदाबासाठी अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल अशी हृदयाची गती मंदावणारी औषधे घेत असतील, तर रक्त वाहत असतानाही त्यांची नाडी फारशी वाढणार नाही. फार्माकॉलॉजीचा जो धडा तुला रुक्ष वाटला होता, त्याचा उपयोग हा आहे.

श्वासाबद्दल मला वेगळे लिहायचे आहे, कारण त्याची हेळसांड मी आयुष्यभर पाहिली. तक्त्यावर सगळ्या रुग्णांचे श्वास वीस लिहिलेले असतात, आणि एकाच वॉर्डातील सगळी माणसे एका लयीत श्वास घेत नाहीत हे सगळ्यांना माहीत असते. नाडी मोजून झाली की मनगटावरची बोटे तशीच ठेवून पूर्ण एक मिनिट छातीकडे पाहा; आपला श्वास मोजला जात आहे हे कळले की माणूस तो नकळत बदलतो. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली धोक्याची आगाऊ सूचना देणारी गुणपद्धत तयार केली, तीत मिनिटाला पंचवीस किंवा अधिक श्वास असतील तर त्या एकाच नोंदीला तीन गुण दिले जातात आणि तेवढ्यावरही रुग्णाला तातडीने पाहावे असे सांगितले आहे. बोटाला लावून रक्तातील ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणाऱ्या ऑक्सिमीटरवर विसंबून राहू नकोस. वेदनाशामक इंजेक्शनाने गुंगीत असलेल्या रुग्णाचा श्वास मिनिटाला आठवर आला, तरी नाकाला ऑक्सिजन लावलेला असेल तर यंत्र बराच वेळ ९८ दाखवत राहते. त्याच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत असतो आणि तो आकडा त्या यंत्रावर कुठेच उमटत नाही.

आता सांगण्याविषयी. रात्री निवासी डॉक्टरांना फोन करून ‘सर, सात नंबरचा पेशंट बरोबर वाटत नाही’ एवढेच म्हटले, तर थकलेल्या माणसाकडून ‘बघतो’ असेच उत्तर येणार. त्याऐवजी असे सांग: ‘सर, सात नंबरच्या बाई, आज दुपारी गर्भाशय काढले आहे. चार तासांत नाडी ८४ वरून ११२ वर गेली आहे, दाब ११२/८८ आहे, गेल्या तासात लघवी पंधरा मिलिलीटर झाली आहे आणि पोट ताठ लागते. मला आतून रक्तस्राव होत असल्याची शंका आहे. आपण आत्ता येऊन पाहावे, तोवर मी सलाईनसाठी दुसरी सुई लावून ठेवते. तपासणीसाठी रक्तही काढून ठेवू का?’ आत्ता काय चालले आहे, आधी काय झाले, मला काय दिसले आणि मला काय हवे, असा हा क्रम असतो आणि तो तुमच्या अभ्यासक्रमातही आहे. तू विद्यार्थिनी असेपर्यंत हे सारे आधी स्टाफ सिस्टरला सांगायचे, परंतु सांगायचे ते याच क्रमाने. फोन कधी केला, काय सांगितले आणि काय उत्तर मिळाले, हे वेळेसह लिहून ठेव. पुढे कोणी विचारलेच तर ती नोंद तुझ्या बाजूने बोलेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तुझ्यानंतर येणाऱ्या सिस्टरला रुग्ण कुठे होता आणि कुठे चालला आहे ते कळेल.

तुझ्या केअर प्लॅनच्या, म्हणजे रुग्णसेवेच्या आराखड्यांच्या, फाइलबद्दलही एक मनापासून सांगते. मागच्या सुटीत मी ती पाहिली. अक्षर सुरेख आहे, आराखडा बिनचूक आहे, परंतु मूल्यमापनाच्या शेवटच्या रकान्यात प्रत्येक रुग्णापुढे ‘गोल पार्शियली मेट’ (उद्दिष्ट अंशतः साध्य) असेच लिहिले आहे. हे वाक्य वरच्या वर्गातील मुलींच्या फायलींतून खाली उतरत आले आहे आणि ते कोणत्याही रुग्णाला चालते, म्हणूनच ते कोणत्याच रुग्णाचे नाही. खाट चढी केली, वेदनेचे औषध दिले, उशी पोटाशी धरून खोकायला शिकवले, तर अर्ध्या तासाने पुन्हा जाऊन पाहायला हवे की आता त्या बाई खोकू शकतात का, फुप्फुसाच्या तळाशी हवा जाते का. ‘वेदना आठवरून चारवर आली, आता खोकता येते, पण उठून बसताना अजून घेरी येते’ असे लिहिलेस तर पुढचा आराखडा आपोआप तयार होतो. आपल्याकडच्या पुष्कळ बायकांना शून्य ते दहा हे मापच कळत नाही. विचारले तर त्या ‘बरं आहे’ म्हणतात आणि दातांत पदर धरून पडून राहतात. त्यांना कुशीवर वळायला सांग, खोकायला सांग. वेदना किती आहे ते त्यांचे शरीर सांगेल.

नियमांमागचे कारण समजून घेतल्याशिवाय एकही नियम पाठ करू नकोस. सरकारी रुग्णालयातील इन्सुलिनची कुपी बहुधा मिलिलीटरला चाळीस युनिटची असते आणि तिची सिरिंज लाल टोपणाची असते. पेनमधील इन्सुलिन मिलिलीटरला शंभर युनिटचे असते. शंभरचे इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजमध्ये वीसच्या रेघेपर्यंत भरले, तर रुग्णाच्या अंगात वीसऐवजी पन्नास युनिट जातात. हे गणित समजलेली मुलगी प्रत्येक वेळी कुपीवरचा आकडा वाचते. तिला कोणी आठवण करून द्यावी लागत नाही. पुढे प्रसूती कक्षात झटके येणाऱ्या मातेला मॅग्नेशियम सल्फेट देताना प्रत्येक डोसाआधी गुडघ्याचा रिफ्लेक्स, मिनिटाचे श्वास आणि मागच्या चार तासांची लघवी पाहायला सांगतील. मॅग्नेशियम मूत्रपिंडातून बाहेर पडते, म्हणून लघवी कमी झाली की ते रक्तात साठते. साठले की आधी रिफ्लेक्स जातो आणि नंतर श्वास. गुडघ्यावरची ती हलकी टिचकी श्वास थांबण्याआधीची सूचना देते, आणि मॅग्नेशियमवरचा उतारा असलेले कॅल्शियम ग्लुकोनेट ट्रेमध्ये काढून ठेवायचे ते याचसाठी.

ज्या कामांना लोक कमी लेखतात, त्यांतही हेच ज्ञान लागते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत त्याच रुग्णालयातील परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची सेवा केली. इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या त्या देहाला त्यांनी बेडसोअर, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणारी दाबाची जखम, होऊ दिला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ च्या निकालात या परिचारिकांचा गौरव केला, तो मला आमच्या साऱ्या व्यवसायाचा गौरव वाटतो. अशा सेवेमागे माया असतेच, पण नुसत्या मायेने कातडी शाबूत राहत नाही. हाड आणि गादी यांच्यामध्ये दाबल्या गेलेल्या केशवाहिन्यांतून रक्त फिरत नाही, म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. ओल कातडी मऊ करते, म्हणून चादर कोरडी ठेवायची. टाच गादीपासून उचललेली राहावी, म्हणून पोटरीखाली उशी द्यायची. तुमच्या पुस्तकांतील चित्रे गोऱ्या कातडीची असतात आणि त्यांत बेडसोअरच्या पहिल्या पायरीला लाली दिसते. आपल्या सावळ्या रुग्णांत ती लाली अनेकदा दिसतच नाही. माकडहाडावर आणि टाचांवर हाताची उलटी बाजू ठेवून ऊब आणि कडकपणा शोधावा लागतो.

रुग्ण जे बोलतो, तेही असेच तपासून पाहावे. मधुमेह असलेल्या पन्नाशीच्या बाई हृदयविकाराचा झटका आला तरी ‘छातीत दुखते’ असे कदाचित म्हणणारच नाहीत. जीव घाबरतो, गळून गेल्यासारखे होते, मळमळते, असे सांगतील. ते ॲसिडिटीचे म्हणून सोडून न देता लगेच सिस्टरला सांग आणि ईसीजीचा आग्रह धर. डिस्चार्जच्या वेळी हृदय कमजोर असलेल्या आजोबांना ‘मीठ कमी खा’ म्हटले, की ते भाजीतील मीठ कमी करतात आणि भाकरीबरोबर ठेचा, लोणचे, पापड किंवा सुकट खात राहतात. त्यांच्या ताटात रोज काय असते ते आधी विचार आणि मग सांग. इन्सुलिन घेणाऱ्याला एकादशी, चतुर्थी करता का ते विचार, घरी फ्रिज आहे का ते विचार, आणि शेवटी तुला काय समजले ते मला सांग, असे म्हणून त्याच्याच तोंडून ऐक.

तू लिहिले आहेस की एका सिस्टरकडे इतके रुग्ण असताना हे सारे कसे शक्य आहे. हा आक्षेप खरा आहे. मनुष्यबळ अपुरे आहे आणि त्याची जबाबदारी परिचारिकांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. परंतु रुग्ण जास्त असतात, तेव्हाच आधी कोणाकडे जायचे हे ठरवणारे ज्ञान सर्वाधिक लागते. हँडओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून रुग्णांची माहिती, टेबलापाशी न घेता खाटेपाशी घे, आणि ड्युटीच्या पहिल्या फेरीतच चेहरा, श्वास, सलाईन, लघवीची पिशवी आणि ड्रेसिंग एवढे प्रत्येकाचे पाहून घे. पहिल्या आठवड्यात ही फेरी फार वेळ खाईल, नंतर नजरेला सवय होईल. पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन परिचारिका-अभ्यासिकेने १९८४ साली नवशिकेपणापासून तज्ज्ञतेपर्यंतच्या पाच पायऱ्या मांडल्या, त्यांत तिसरी पायरी, म्हणजे स्वतः क्रम ठरवून काम करता येण्याची, साधारण एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षे घालवल्यावर येते असे तिने म्हटले आहे. तू दुसऱ्या वर्षाला आहेस. तुला सुचत नाही याचे मला आश्चर्य वाटत नाही. सुचत नाही हे तुला टोचते, याचा मला आनंद वाटतो.

या पोस्टिंगच्या उरलेल्या दिवसांत रोज एकच रुग्ण निवड आणि त्याच्या टीपीआरच्या तक्त्यातील मागच्या तीन दिवसांच्या नोंदी एकाखाली एक वाचून, त्यांतून काय दिसते आणि तू काय केलेस, ते वहीत लिही. रुग्णाचे नाव लिहू नकोस, खाटेचा क्रमांकही नको. दिवाळीला येशील तेव्हा ती वही घेऊन ये, आपण दोघी बसून वाचू.

तुझी,
आई