वेबसाइटवरची मराठी फोटोत नको, अक्षरांत हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी नाशिकची. इंदिरानगरात माझं छोटं ऑफिस आहे आणि वेबसाइट बनवण्याचं काम करते. पतसंस्था, शाळा, निफाड-दिंडोरीकडच्या शेतकरी कंपन्या ही नेहमीची गिऱ्हाइकं. २०२७चा सिंहस्थ जवळ येतोय तशी लॉज, धर्मशाळा, ट्रॅव्हल्सवाल्यांची कामंही वाढली आहेत. म्हणूनच हे आत्ताच लिहिलं पाहिजे असं वाटलं.

आमच्याकडे मजकूर येतो तो बहुतेक वेळा फ्लेक्सवाल्याकडून करून आणलेली जेपीजी, नाहीतर सही-शिक्क्यासकट स्कॅन केलेली पीडीएफ. "मॅडम, हेच चढवा, छान दिसतंय." दिसतं छानच, पण ब्राउझरच्या दृष्टीने तो नुसता फोटो. त्यातली ओळ निवडता येत नाही, पानावर शोधून सापडत नाही, आणि मोबाइलवर मोठी करायला गेलं की अक्षरं पुसट होतात.

एका पतसंस्थेचे सभासद असलेले निवृत्त शिक्षक दृष्टिहीन आहेत. टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारी फोनमधली सोय, लावून ते फोन सराईतपणे वापरतात. संस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस त्यांनी माझ्यासमोर उघडली. फोनने संस्थेचं नाव वाचलं, मेनू वाचला आणि नोटिशीवर बोट येताच फाइलचं नाव इंग्रजीत एकेक आकडा करत म्हणून दाखवलं. सभेची तारीख, वेळ, विषय सगळं त्या फोटोत होतं. सरांनी ती नोटीस शेवटी नातवाकडून वाचून घेतली. ज्या माणसाला बँकेचे व्यवहार स्वतः करता येतात, त्याला मराठी नोटीस वाचायला दुसऱ्याचे डोळे लागावेत याचा मला फार त्रास झाला.

डीटीपीच्या जुन्या फॉन्टचंही तेच. पडद्यावर 'क' दिसतो, फाइलमध्ये मात्र भलतंच रोमन चिन्ह असतं. फॉन्ट नसलेल्या फोनवर सगळा गिचमिड काला. जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत म्हणजे युनिकोड. तिच्या १९९१च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. त्याला तीन दशकं उलटली, तरी मजकूर अजून त्या फॉन्टमध्ये येतो.

दोष फक्त गिऱ्हाइकाचा नाही, आमच्या धंद्याचाही आहे. बाजारातली तयार थीम, म्हणजे वेबसाइटचा साचा, घेतली की पानाच्या कोडमध्ये (एचटीएमएल) पहिल्याच टॅगमध्ये भाषा 'ईएन', म्हणजे इंग्रजी, लिहिलेली असते. तिथे मराठीसाठी 'एमआर' करायला दहा सेकंद लागत नाहीत. ते केलं नाही तर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मराठीला इंग्रजी आवाज लावू शकतं, आणि नोटो सान्ससारख्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' असूनही हिंदी वळणाचे उमटतात. फॉर्ममधल्या नावाच्या रकान्यात फक्त ए ते झेड चालेल अशी अट घालून ठेवलेली असते. माहिती साठवणारा डेटाबेस यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड अक्षरं साठवण्याच्या पद्धतीचा, नसेल तर नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं साठतात. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट (साठवणुकीची लहान मापं) घेतं. 'ज्ञानेश्वर' म्हणजे काना, मात्रा, हलन्त धरून दहा चिन्हं, तीस बाइट. रकाना वीस बाइटचा ठेवला की ज्ञानेश्वर मध्येच तुटला. वेबसाइट बनवायला रिअ‍ॅक्ट वापरलं की वर्डप्रेस, याने यात काही फरक पडत नाही.

आता सिंहस्थाचं. पर्वणीच्या दिवशी रामकुंडाच्या परिसरात नेटवर्कवर किती ताण येईल ते सांगायला नको. स्नानाच्या वेळा, वाहनतळ, बंद रस्ते, हरवलेल्या माणसांची चौकशी हे सगळं लोक साध्या फोनवर शोधणार. हजार चिन्हांचा मराठी मजकूर तीन केबीत बसतो. त्याच मजकुराचं रंगीत पोस्टर सहज दोन-तीन एमबीचं होतं. गर्दीत अडकलेल्या बाईला पोस्टर उघडायची वाट बघायला लावणं बरोबर नाही. पोस्टर लावायचं तर लावा, पण खाली तोच मजकूर अक्षरांत द्या.

सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना २००९ पासून आहेत, दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६चा आहे. खासगी संस्थांनी तरी कुणी सांगायची वाट का बघावी? वेबसाइट करून घेणाऱ्यांना माझी विनंती आहे: शेवटचा हप्ता देण्याआधी आपल्या मोबाइलवर ती उघडा, नोटिशीतली एक ओळ बोटाने दाबून कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा. ती मराठीत जशीच्या तशी गेली पाहिजे. फॉर्ममध्ये आपलं नाव देवनागरीत भरा आणि ते ऑफिसमधल्या यादीत नीट आलं का ते बघा. सिंहस्थाची कामं जे देणार आहेत त्यांनी या दोन चाचण्या वर्क ऑर्डरमध्येच अट म्हणून लिहाव्यात, आणि त्या पार पडेपर्यंत आमचं बिल थांबवावं.

आपली,
एक वेब डेव्हलपर,
इंदिरानगर, नाशिक