अटकेची नोंद सापडते, सुटकेची का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोलिसांचे आणि न्यायालयाचे कागद आता घरबसल्या मोबाइलवर मिळतात, असं जो तो सांगतो. सोलापुरात टायपिंग-झेरॉक्सचं दुकान चालवताना मला वेगळंच दिसतं, म्हणून हे पत्र. आपला माणूस कुठं आहे हे घरच्यांना ज्या रात्री कळायला हवं, त्या रात्री त्याची नोंद कुणाला सापडत नाही. तोच माणूस पुढे निर्दोष सुटतो, नोकरीसाठी अर्ज करतो, तेव्हा मात्र अटकेची नोंद सगळ्यात आधी पुढ्यात येते. सुटकेची त्याची त्यानंच शोधून आणायची.

माझ्याकडे येणाऱ्या बायका बहुतेक विडी कामगार. घरी तेलुगू बोलणाऱ्या, मराठी वाचता न येणाऱ्या बऱ्याच. ‘अक्का, पोराला नेलंय, कुठल्या ठाण्यात ते कुणी सांगंना,’ एवढंच त्यांना ठाऊक असतं. सोलापुरात शहराचं पोलीस आयुक्तालय वेगळं, ग्रामीणचं अधीक्षक कार्यालय वेगळं. पोरगा राहतो पेठेत, भांडण झालं हद्दीबाहेरच्या ढाब्यावर, गुन्हा दाखल तिसरीकडंच. ती बाई रात्रभर या दारातून त्या दारात फिरते.

खरं तर तिनं फिरायची गरजच पडू नये, अशी सोय कायद्यात आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३७ सांगतं की प्रत्येक ठाण्यात आणि जिल्ह्याच्या मुख्यालयात अटक केलेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप ठळकपणे लावायचं, डिजिटल पद्धतीनं लावलं तरी चालेल. त्यासाठी सहायक उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी नेमायचा. कलम ४८ प्रमाणे नातेवाइकाला ताबडतोब कळवायचं आणि कुणाला कळवलं ते ठाण्याच्या वहीत लिहायचं. जुन्या फौजदारी संहितेतही नियंत्रण कक्षाबाहेर अशी यादी लावायची तरतूद होती, त्यामुळे नवा कायदा अंगवळणी पडायला वेळ लागतोय असंही म्हणता येत नाही. कामानिमित्त ज्या ठाण्यांत मी गेले तिथं असा फलक दर्शनी भागात माझ्या पाहण्यात आला नाही. एक फळा आणि खडू, एवढ्याचंच तर काम आहे.

एफआयआरचीही तीच गत. सर्वोच्च न्यायालयानं ७ सप्टेंबर २०१६ रोजी आदेश दिला की लैंगिक अत्याचार, बालकांवरील अत्याचार, दहशतवाद असे संवेदनशील गुन्हे वगळून बाकीचे एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावेत. नेटवर्कची अडचण असेल तर जास्तीत जास्त ७२ तास. फिर्यादीला तर प्रत मोफत मिळते. तरीही या मोफत कागदासाठी कुणाला तरी दोनशे-तीनशे रुपये देऊन आलेल्या बायका मी पाहते. विड्या वळून आलेले पैसे असतात ते.

न्यायालयांचं काम यापेक्षा पुष्कळ चांगलं आहे, हे सांगायलाच हवं. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर खटल्याची पुढची तारीख, कुठल्या टप्प्यावर आहे ते आणि बरेचसे आदेश फुकट दिसतात. फक्त नाव टाकून शोधायला गेलं की गाडी अडते. इंग्रजीत श्रीनिवास किती तऱ्हांनी लिहितात! आमच्याकडची तेलुगू आडनावं तर एकाच घरातल्या दोन आधार कार्डांवर दोन प्रकारची. वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते: खटल्याचा नंबर माहीत नसेल तर ठाणं, गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष टाकूनही खटला सापडतो. एकदा सापडला की त्याचा सीएनआर, म्हणजे त्या खटल्याचा स्वतःचा सोळा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक टिपून ठेवावा. मी तो रेशनकार्डाच्या मागच्या बाजूला लिहून देते, कारण ते कार्ड कुणी हरवत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. टॉवेलच्या कारखान्यात काम करणारा एक मुलगा माझ्याकडे येतो. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेतल्या जत्रेच्या गर्दीत मारामारी झाली, त्यात बाकीच्यांबरोबर यालाही धरलं. खटला चालला, निर्दोष सुटला. सुरक्षा रक्षकाच्या नोकरीसाठी त्यानं चारित्र्य पडताळणीचा अर्ज केला, तर पोलिसांकडे तो गुन्हा अजून ‘न्यायप्रविष्ट’. निकाल न्यायालयाच्या संकेतस्थळावर दिसत होता, ठाण्याच्या नोंदीत चढलाच नव्हता. मग नकलेचा अर्ज, सही-शिक्क्याची नक्कल, ती ठाण्यात नेऊन देणं, पोच घेणं. तोपर्यंत जागा भरली गेली. सरकारच्या एका खात्याचा निकाल दुसऱ्या खात्याला कळवण्याचं काम त्या पोरानं रोजगार बुडवून केलं. पोलीस, न्यायालयं, कारागृहं यांच्या संगणक यंत्रणा एकमेकांना जोडणारी आयसीजेएस ही केंद्राची योजना आहे. असं असताना निकालाची तारीख आपोआप ठाण्याच्या नोंदीत का जात नाही, याचं उत्तर गृहखात्यानं द्यावं.

नावं फलकावर लावली तर बदनामी होईल, असं मला काही जण म्हणाले. ही भीती मी हलकी मानत नाही. सगळंच उघडं असावं असं माझं म्हणणं नाही. दोषारोपपत्रं संकेतस्थळावर टाकायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं, ते मला पटतं, कारण त्यात साक्षीदारांची नावं असतात. पण फलक आईसाठी आहे. माणूस न्यायालयापुढं हजर झाला, घरच्यांना कळलं, की नाव उतरवावं. जी नोंद वर्षानुवर्षं राहणार आहे, तिच्यात सुटका अटकेइतक्याच ठळकपणे लिहावी.

आमच्या सोलापूरला हे जास्त कळायला हवं. इथं सेटलमेंट होती, म्हणजे गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना ठेवायची तारेच्या कुंपणातली वसाहत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवून त्यांच्या नोंदी ठेवल्या, हजेऱ्या घेतल्या. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. आज त्याच घरांतली मुलं जात पडताळणीला जातात तेव्हा त्यांच्याकडून २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. आजोबांवर पाळत ठेवायला कागद होते. नातवाला दाखला हवा तर कागद मिळत नाहीत. त्या सेटलमेंटच्या वस्तीतली माणसं माझ्या दुकानात जुने, पिवळे पडलेले तुकडे झेरॉक्सला आणतात, तेव्हा मी ते मशीनमध्ये न घालता वर काचेवर ठेवून हळूच काढून देते.

नकला आणि माहिती अधिकार यांतला फरकही लोकांना कुणी सांगत नाही. न्यायालयीन कागदाची नक्कल न्यायालयाच्या नियमांनीच मागावी लागते. पोलिसांकडची माहिती हवी तर अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. उत्तराची मुदत तीस दिवस, पण माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. आणि महिलांना, कोठडीत असलेल्यांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

पोलीस आयुक्त आणि ग्रामीणचे अधीक्षक या दोघांनाही माझी विनंती आहे. कलम ३७ ची यादी प्रत्येक ठाण्याच्या दारात, मराठीत, रोज सकाळ-संध्याकाळ लावावी आणि शहर व ग्रामीण दोन्हींची मिळून एक यादी नियंत्रण कक्षात फोनवर सांगितली जावी. निकाल लागलेले आणि ठाण्यात अजून प्रलंबित दिसणारे जुने गुन्हे ई-कोर्ट्सशी ताडून दुरुस्त करावेत. हे ताडण्याचं काम एखाद्या ठाण्यापासून सुरू करणार असतील, तर टायपिंगला मी विनामोबदला येईन.

आपली,
एक टंकलेखिका,
भवानी पेठ, सोलापूर