४ जुलैला सह्या झाल्याच नव्हत्या

महोदय,

‘दिनविशेष’मध्ये ४ जुलै १७७६ पुढे ‘अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या’ असे हमखास छापले जाते. स्वातंत्र्याचा ठराव झाला २ जुलैला. चारला मंजूर झाला तो मजकूर. त्याच रात्री जॉन डनलॅपच्या छापखान्यात प्रती निघाल्या. त्यांवर हाताची सही नाही. काँग्रेसचे (वसाहतींच्या प्रतिनिधी-सभेचे) अध्यक्ष जॉन हॅनकॉक यांचे नावसुद्धा छपाईच्या खिळ्यांनी जुळवलेले. चर्मपत्रावरची प्रत मागाहून लिहिली गेली आणि तिच्यावरच्या बहुतेक सह्या २ ऑगस्टच्या. घोळ होतो तो तिच्या मथळ्यातल्या ‘४ जुलै’मुळे.

त्या तारखेची खरी नवलाची नोंद १८२६ची. बरोबर पन्नासाव्या वर्षी माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन दुपारी वारले, तर जॉन ॲडम्स (तेही माजी राष्ट्राध्यक्ष) संध्याकाळी. १८३१ला पुन्हा ४ जुलैलाच आणखी एक माजी राष्ट्राध्यक्ष, जेम्स मन्रो. अमेरिकी यादवी युद्धातली व्हिक्सबर्ग शहराची ४ जुलैचीच शरणागती (१८६३) मात्र आपल्याकडे सहसा गाळली जाते.

– एक वाचक, पुणे