संचकार देण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, बेळगावच्या येळ्ळूर रस्त्याकडच्या प्लॉटचं बोलणं फोनवर अर्धंच राहिलं, म्हणून लिहिते. एजंट म्हणतो, आठवड्यात संचकार (म्हणजे इसार) द्या, वर्षभरात दर दीडपट होईल. दर वाढेलही. पण तो वाढतो कसा ते बघा. एजंट शेतकऱ्याला थोडा संचकार देऊन सहा-अकरा महिन्यांची मुदत घेतो आणि त्या मुदतीतच तो व्यवहार दुसऱ्याच्या गळ्यात चढ्या भावानं घालतो. दुसरा तिसऱ्याला देतो. दर तीनदा वाढला तरी जमिनीचे पुरे पैसे कुणीच भरलेले नसतात. ते भरायची पाळी शेवटच्यावर येते, आणि तो बहुधा फंडाची रक्कम घेऊन आलेला निवृत्त माणूस असतो.

मुंबईत १८६५ साली हेच झालं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि आपल्या धारवाड भागातल्या कापसालाही सोन्याचा भाव आला. त्या पैशावर मुंबईत समुद्र हटवून जमीन करायच्या कंपन्या निघाल्या. बॅकबे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर कित्येक पटींनी विकला जाई, आणि जमीन अजून पाण्याखालीच होती. सौदे वायद्याचे, आणि बँका त्याच शेअरांच्या तारणावर कर्ज देत होत्या. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस उतरला. १ जुलै हा वायदे फेडायचा दिवस. त्या दिवशी पैसे कुणाकडेच नव्हते. बँक ऑफ बॉम्बे त्यातच खचली आणि १८६८ मध्ये गुंडाळली गेली.

आपल्याकडे निमित्तं वेगळी होती. हलगा-बस्तवाडला सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इथली इमारत, २०१२ मध्ये उघडलं, जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत बेळगाव आलं. भातशेतीचा दर एकरात बोलला जायचा, तो गुंठ्यात आणि मग चौरस फुटात बोलला जाऊ लागला. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीनं रोखीचा भाग आटला आणि मधल्या हातांचे संचकार अडकले. पुढे २०२० मध्ये शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घ्यायची मोकळीक मिळाली. गिऱ्हाईक वाढलं, पण कागद तेवढ्यानं शुद्ध झाले नाहीत.

गुंठ्याचा, म्हणजे मंजुरी नसलेला, प्लॉट स्वस्त का मिळतो, ते हिशेबानं कळतं. एकर म्हणजे ४० गुंठे, ४३,५६० चौरस फूट. रस्ता न सोडता त्यात ३० बाय ४० चे ३६ प्लॉट बसतात. बुडाची, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची, मंजुरी घेतली की रस्ते, बाग आणि सार्वजनिक जागा सोडून वीसच्या आसपास उरतात. स्वस्ताई येते ती या न सोडलेल्या रस्त्यातून. उताऱ्यावर मात्र नाव सामाईक लागतं, तुमचा तुकडा कुठला ते त्यात नसतं. बँक कर्ज देत नाही, आणि विकायला काढला की गिऱ्हाईक तिथंच अडतं.

उतारा कानडीत असतो, तेव्हा कानडी नीट वाचणाऱ्याला जवळ बसवा. रकाना ९ मध्ये मालकांची नावं आणि रकाना ११ मध्ये इतर हक्क व बोजा असतो. सोसायटीचं कर्ज तिथंच सापडतं. वडिलोपार्जित जमीन असेल तर बहिणींच्याही सह्या हव्यात. २००५ पासून मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. सर्व्हे नंबरचा काहीच भाग विकत असतील तर ११-ई नकाशा, म्हणजे त्या भागाचा मोजणी नकाशा, मागा. सरकारनं दलित कुटुंबाला दिलेली जमीन असेल तर सरळ परत फिरा. परवानगीविना झालेली विक्री रद्द होते.

बोजा दाखला, म्हणजे जमिनीच्या खरेदी-गहाणाच्या नोंदींचा दाखला, किमान ३० वर्षांचा काढा. संगणकावर २००४ पासूनच्याच नोंदी मिळतात, त्याआधीचा शोध सब-रजिस्ट्रार कचेरीत हातानं घ्यावा लागतो. बरेच जण इथंच कंटाळतात, आणि जुनं गहाण नेमकं त्या आधीच्या काळात निघतं. बिनशेतीचा आदेश आणि बुडाचा मंजूर नकाशा दोन्ही हवेत. नुसत्या बिनशेतीवर लेआउट मंजूर होत नाही. ५०० चौरस मीटरवरचा लेआउट असेल तर रेराचा, म्हणजे घर-प्लॉट प्रकल्पांच्या सरकारी नियामकाचा, नोंदणी नंबर मागा. स्टॅम्प पेपरच्या बाँडवर किंवा वटमुखत्यारपत्रावर मालकी येत नाही, सुप्रीम कोर्टानं २०११ मध्येच ते स्पष्ट केलंय.

आई, एक काम तुझ्याकडे. चार दिवस झोडपणारा पाऊस झाला की बाबांना घेऊन त्या शिवारात जा. बळ्ळारी नाल्याचं पाणी शहापूर-वडगाव-येळ्ळूरच्या भातात शिरतं. भराव टाकून प्लॉट उंच केला तरी रस्ता खालीच राहतो. शिवाय काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि त्यावर उथळ पाया घातला तर भिंती तडकतात. शेजारच्या घराच्या खिडक्यांच्या कोपऱ्यात तिरप्या चिरा आहेत का, तेवढं बघ.

एवढं सगळं जुळलं तरी संचकार चेकनं द्या. २०,००० किंवा त्याहून जास्त रोख द्यायची नाही, कायद्यानंच बंदी आहे. करारात "कागद सदोष निघाल्यास रक्कम परत" हे वाक्य आणि परतीची तारीख असू द्या. सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर मला आजच कळवा. दाखले हातात येईपर्यंत एजंटला काही शब्द देऊ नका.

तुमची लेक