परीक्षा आणि काजूचा हंगाम एकाच वेळी

महोदय,

वेंगुर्ले तालुक्यात माझे काजूप्रक्रियेचे लहान युनिट आहे. व्यवस्थापन शाखेचे विद्यार्थी दर जानेवारीत प्रकल्पासाठी छापील प्रश्नावली घेऊन येतात, दोन तासांत ती भरून घेतात, यंत्राशेजारी फोटो काढतात आणि जातात. मुलांना दोष देता येत नाही, कारण त्यांना वेळच तेवढा दिलेला असतो.

आमचा धंदा मार्च ते मे या तीन महिन्यांत ठरतो. वर्षभर पुरेल एवढी बी याच काळात शेतकऱ्याला रोख मोजून घ्यावी लागते. चार किलो बीतून जेमतेम किलोभर गर निघतो आणि तो हॉटेलवाले, दुकानदार महिन्याच्या उधारीवर नेतात. खेळते भांडवल कुठे अडकते, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने एप्रिलमध्ये आठवडाभर माझ्या वजनकाट्याजवळ बसावे. पण मुंबई विद्यापीठाच्या सम सत्राच्या परीक्षा सहसा याच दिवसांत येतात आणि मुले खेळत्या भांडवलाची व्याख्या पाठ करत घरी बसलेली असतात. आंबा आणि कोकमाच्या धंद्याबाबतही हेच घडते.

दोन वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी गणपतीच्या सुट्टीत आपणहून आठ दिवस थांबली. प्रतवारीत उरणारा तुकडा आम्ही पडेल भावाने देत होतो. तिने त्याच्या पाव किलोच्या पिशव्या करून मुंबईला परतणाऱ्या चाकरमान्यांना विकल्या. काही पिशव्यांचे सील सुटले आणि लेबलवर अन्न परवान्याचा क्रमांक छापायचा राहिल्याने एका दुकानदाराने माल परत केला. तिच्या प्रकल्प अहवालात यातले काहीही आले नाही, कारण ठरवून दिलेल्या नमुन्यात नुकसानीसाठी रकानाच नव्हता.

प्राध्यापकांचीही अडचण आहे. अनेक ठिकाणी हे विषय तासिका तत्त्वावरील शिक्षक शिकवतात आणि मुलांना घेऊन युनिटवर घालवलेला दिवस तासिकेत धरला जात नाही. मग कोणता शिक्षक पदरमोड करून त्यांना वर्गाबाहेर नेईल?

हे कोकणात अशक्य आहे असेही नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठात पदवीच्या चौथ्या वर्षी मुले गावात राहून ग्रामीण कृषी कार्यानुभव घेतात आणि त्याचे गुण मिळवतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार आखलेल्या अभ्यासक्रमांत कार्यप्रशिक्षणाला श्रेयांक आहेतच. रत्नागिरी व सिंधुदुर्गातील महाविद्यालयांपुरते ते हंगामात ठेवावे, परीक्षा त्यानुसार मागेपुढे करावी आणि शिक्षकाचा तो दिवस तासिका म्हणून मोजावा.

पुढच्या मार्चपासून चार मुलांना महिनाभर कामावर घ्यायला मी तयार आहे. त्यांना वर्गातून सोडण्याची परवानगी कोणी द्यायची, एवढे महाविद्यालय आणि विद्यापीठ यांनी आपसात ठरवावे.

– एक काजूप्रक्रिया व्यावसायिक, वेंगुर्ले (जि. सिंधुदुर्ग)