मातीचा लाडू वळून दाखवणाऱ्या काकांस

लेस्टर, इंग्लंड

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आपण आमच्या घरी आलात तेव्हा चहाचा कप तसाच ठेवून आधी कासवाच्या पेटीपाशी बसलात, तळाशी अंथरलेला पाइनचा भुसा मूठभर उचलून नाकाशी धरलात आणि "हा आजच काढा" एवढेच म्हणालात. त्या शब्दांबद्दल आणि त्यानंतर आमच्यासाठी खर्च केलेल्या दुपारीबद्दल आपले जाहीर आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

हर्मन या जमिनीवरच्या कासवाच्या जातीचे आमचे पिल्लू प्रमाणपत्रासह रीतसर घेतलेले आहे. (भारतात स्टार कासव घरी पाळणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, तिकडच्या वाचकांनी तो विचार कृपया मनातही आणू नये.) भुसा मात्र आम्ही दुकानदाराच्या सांगण्यावरून आणला होता. पिल्लाचे डोळे चिकटू लागले, खाणे मंदावले, आणि आम्ही दोष देत होतो तो पेटीतल्या उबेच्या दिव्याला. पाइन आणि देवदाराच्या भुशातील उग्र तेले व धूळ कासवाच्या डोळ्यांना आणि श्वासाला बाधतात, शिवाय कायम कोरड्या जागेत वाढणाऱ्या पिल्लाच्या पाठीवर उंचवटे येतात, हे आपण शांतपणे समजावलेत आणि डोळे आधी पशुवैद्याला दाखवायला लावलेत.

खर्चाची गोष्ट मी संकोचतच काढली. आमची पेटी १२० सेंमी लांब आणि ६० सेंमी रुंद. पिल्लाला अंग पुरून घेता यावे म्हणून १० सेंमीचा थर द्यायचा तर ७२ लिटर माल लागतो, आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानातल्या छोट्या पिशव्यांनी तो भरणे आम्हाला परवडण्याजोगे नव्हते. आपण आम्हाला बागेच्या सामानाच्या दुकानात नेलेत. चष्मा कपाळावर सरकवून पिशवीवरची बारीक अक्षरे वाचलीत, खत किंवा परलाइटचे पांढरे दाणे नसलेली साधी टॉपसॉईल, म्हणजे जमिनीच्या वरच्या थरातली माती, निवडलीत आणि मुलांच्या खेळण्यासाठी मिळते ती धुतलेली वाळू घेतलीत. कॅल्शियमची रंगीत वाळू आणि अक्रोडाच्या कवचांचा चुरा मी कौतुकाने उचलला होता. पोटात गेल्यास आतडे तुंबते, म्हणून आपण दोन्ही परत ठेवायला लावलेत.

घरी आल्यावर तीन भाग माती आणि दोन भाग वाळू कालवून आपण तिचा लाडू वळलात. तो मुठीत टिकला, बोटाने दाबताच फुटला आणि तळहातावर पाण्याचा थेंब उरला नाही. ओल एवढीच हवी, हे मला कोणत्याही मोजमापापेक्षा त्या लाडवाने अधिक नेमके कळले, कारण बेसनाचा लाडू बिघडतो कुठे हे माझ्या हातांना आधीच ठाऊक होते. पाणी वरून न शिंपडता कोपऱ्यांत ओतावे, म्हणजे तळ ओलसर आणि पृष्ठभाग कोरडा राहतो व कवचाखाली कुजण्याची भीती उरत नाही, हेही आपलेच सांगणे. खाणे मातीवर न ठेवता सपाट फरशीवर ठेवावे, ही सूचनाही आम्ही तंतोतंत पाळतो.

आता संध्याकाळी पिल्लू पुढच्या पायांनी माती मागे सारत कोपऱ्यात शिरते आणि पाठीचा रुपयाएवढा भाग तेवढा वर दिसतो. डोळे स्वच्छ आहेत. पुढच्या रविवारी पाहायला अवश्य यावे. या वेळी चहा गरम असतानाच घ्यावा, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
पिल्लाची पालक